‘हा आजार आपल्या बायकांचा नव्हे’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

ब्रिटनमध्ये लेस्टरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या फ्रिजवर एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, मॅमोग्रामचे (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचे) पत्र तीन आठवडे चुंबकाखाली लटकत राहिले आणि तारीख उलटून गेली. कारण विचारल्यावर त्यांनी मला व्हॉट्सॲपवरचा एक संदेश पाठवला. ही तपासणी गोऱ्या बायकांसाठी आहे, हळद खाणाऱ्या आणि मुलांना अंगावर पाजणाऱ्या आपल्या बायकांना स्तनाचा कर्करोग होत नाही, यंत्रात दाबल्याने गाठ फुटून तो पसरतो, किरणांनीच तो होतो आणि तिथे पुरुष तपासतात, असा त्याचा मजकूर आहे.

ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई स्त्रियांत या कर्करोगाचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी आढळते आणि अंगावर पाजल्याने धोका काहीसा घटतो, एवढे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु ‘कमी होतो’ आणि ‘होत नाही’ यांतला फरक मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करताना ज्यांना अचूक कळतो, त्यांना तो इथेच का कळू नये? हळदीचे म्हणाल, तर रोजच्या फोडणीत ती घालणाऱ्या भारतात आज स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. ‘आमच्या घराण्यात कोणाला नव्हता’ हेही पुरेसे नाही, कारण ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांच्या घराण्यात तो नसतोच. या तपासणीला आपल्या बायका मुळातच गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी जातात. त्यात असा संदेश आला की न जाण्याला आयते शास्त्र मिळते.

गाठ म्हणजे गळू नव्हे, की दाबली आणि फुटली. प्रत्येक स्तनाची दोन चित्रे घेतात, दाब काही सेकंदांचा असतो. तो काहींना दुखतो, पण त्याने कर्करोग पसरतो याला पुरावा नाही. किरणांची मात्रा निसर्गातून काही आठवड्यांत आपोआप मिळते तेवढीच असते. मॅमोग्राम काढणाऱ्या सर्व स्त्रियाच असतात.

खरा वजनदार आक्षेप या संदेशात नाहीच. ब्रिटिश सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने 2012 मध्ये अंदाज मांडला, की ब्रिटनमध्ये या तपासणीमुळे वर्षाला सुमारे 1,300 मृत्यू टळतात. परंतु सुमारे 4,000 स्त्रियांना अशा कर्करोगाचे निदान व उपचार होतात, जो एरवी त्यांना आयुष्यात कधी जाणवलाही नसता. हे आकडे वाचून एखादीने नकार दिला, तर तिच्याशी माझा वाद नाही. हळदीच्या भरवशावर दिलेल्या नकाराशी आहे.

पन्नाशीपासून एकाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत दर तीन वर्षांनी बोलावणे येते, म्हणजे पुढच्या पत्राची वाट पाहणे फार महागाचे. चुकलेली वेळ फोन करून पुन्हा मागता येते. जाऊबाईंना काल मी नंबर लावून दिला. बोलणे मात्र त्यांचे त्यांनी केले.