कोण गेलं?

मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, पहाटे पावणेसहाला मी पांढरेशुभ्र कपडे घालून पडेल चेहऱ्याने जिना उतरतो. पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या आजोबांनी दुधाची पिशवी खाली ठेवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही हो. कराटेला चाललोय."

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "मुलाला सोडायला?"

तसं त्यांचं चुकलं नव्हतं. नाव मुलाचंच घातलं होतं. वर्षाची फी एकदम भरली तर दोन महिने फुकट, असं कळल्यावर मी खऱ्या डोंबिवलीकरासारखी एकदम भरून टाकली. तिसऱ्या आठवड्यात चिरंजीव फुटबॉलला लागले. फी परत मिळणार नव्हती. सर म्हणाले, "मग काका, तुम्हीच या." त्याला आता आठ वर्षं झाली. एवढी चिकाटी कुठून आणलीत, असं लोक कौतुकाने विचारतात. मी पावतीचं सांगत नाही.

कराटेत रांग पट्ट्याप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही. त्यामुळे माझ्या वरच्या जागी चौथीतली एक मुलगी उभी असायची. हिरवा पट्टा, पुढचे दोन दात गायब. "काका, मागचा पाय सरळ!" मी बँकेत पंधरा माणसांचा साहेब. मी "ओस" म्हणालो आणि पाय सरळ केला. हे 'ओस' फार सोयीचं आहे. हो, नमस्कार, चुकलो आणि आता मरतो, या सगळ्याला तेच चालतं.

मोजणी जपानीत. इची, नी, सान, शी... 'शी' आलं की पोरं खिदळतात. आठ वर्षांत पोरं बदलली, खिदळणं तेच आहे. खरं सांगायचं तर मीही हसतो.

काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका. हेआन शोदान या पहिल्या काताच्या हालचाली २१. बाप्पाचे मोदकही २१च, पण मोदकांच्या वेळी मी कधी मधेच विसरून उभा राहिलो नाही.

आमची शैली शोतोकान. ती ज्यांच्यापासून सुरू झाली ते गिचिन फुनाकोशी ओकिनावा या जपानी बेटावरचे शाळामास्तर, जन्म १८६८चा. त्यांच्या तरुणपणी कराटे लपूनछपून शिकायचं प्रकरण होतं. मास्तर रात्री कंदील घेऊन गुरूच्या घरी जायचे आणि पहाटे परतायचे. हा माणूस वेश्यावस्तीत जातो की काय, अशी कुजबुज शेजाऱ्यांत सुरू झाली. त्यांच्या शेजाऱ्यांना ते सुचलं, माझ्या शेजाऱ्यांना स्मशान. दोघांच्या व्यक्तिमत्त्वांतला फरक यातच आला.

तेक्की नावाचे तीन काता शिकण्यात आपली दहा वर्षं गेली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. हे वाचल्यापासून मला मास्तर जवळचे वाटतात. मी सध्या त्यातल्या पहिल्यावर अडकलोय. तेक्कीत पुढे-मागे जायचंच नाही. घोड्यावर बसल्यासारखं, मांड्या फाकवून, एका रेषेत डावीउजवीकडे सरकायचं. हा काता रचणारा नक्की चाळीच्या गॅलरीत वाढला असणार. त्या बसण्याला किबा-दाची म्हणतात. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून कल्याण ते दादर जाणारा प्रत्येक माणूस किबा-दाचीच करत असतो. त्याला पट्टा मिळत नाही, एवढंच.

सातत्याचा खरा शत्रू आळस नाही, कालनिर्णय आहे. पावसाळ्यात गच्ची गळते. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये गणपती बसतो. दिवाळीत चकलीपुढे कुठलाही बचाव टिकत नाही. मार्चमध्ये इयर एंडिंग. आणि मे महिना तर भयंकर, कारण सगळी पोरं गावाला जातात आणि लपायला पुढे कुणीच उरत नाही. अर्थात मी एकटाच नाही. कराटेला ऑलिंपिकमध्ये घेतलं ते २०२१ साली टोकियोत, आणि २०२४ला पॅरिसमध्ये काढूनही टाकलं. तिथेही एका बॅचनंतर कुणी टिकलं नाही.

'कराटे'चा अर्थ रिकामा हात, असं मी एकदा घरी उत्साहाने सांगितलं. आधी तो शब्द 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांत लिहीत, वगैरे. बायको म्हणाली, "त्यासाठी आठ वर्षं कशाला? तुला कोथिंबीर आणायला पाठवलं की तू तसाच येतोस."

ती हिरव्या पट्ट्याची मुलगी आता बारावीत आहे. काळा पट्टा, दात सगळे आलेत. सर नसले की तीच वर्ग घेते. परवा ती रांगेतून फिरत माझ्यापाशी थांबली. आठ वर्षांनी काहीतरी कौतुकाचं ऐकायला मिळणार म्हणून मी श्वास रोखला.

"काका, मागचा पाय."

गेल्या शनिवारी मात्र मी गेलो नाही. बाहेर धो-धो पाऊस, गुडघा कुरकुरत होता, उशी थंडगार होती. ब्राउन बेल्टची परीक्षा दुसऱ्या दिवशी असूनही मी गजर बंद केला आणि कूस बदलली. सव्वासहाला बेल वाजली. दारात आजोबा. एका हातात ठिबकणारी छत्री, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी, दोन जिने चढून धाप लागलेली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं आणि सुस्कारा सोडला.

"आज खाली उतरला नाहीस," ते म्हणाले. "म्हटलं, या वेळी खरंच कुणी गेलं की काय."