स्वीडनचा दाखला देण्याआधी

गेल्या रविवारी काकांनी आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. म्हणणं असं: स्वीडनने लॉकडाऊन केला नाही, मास्क लावले नाहीत, काहीच केलं नाही, तरी युरोपात सगळ्यांत कमी माणसं तिथेच गेली. जे गेले ते म्हातारे होते, तसेही जाणारच होते. शाळा चालू राहिल्या, कुणाला काही झालं नाही. अर्थव्यवस्था वाचली. आणि लाँग कोविड, म्हणजे कोविड होऊन गेल्यावरही महिनोन्महिने राहणारा त्रास, हे निव्वळ थोतांड, कामाचा कंटाळा आलेल्यांचं दुखणं.

मी २०१६ पासून स्वीडनमधल्या गोथेनबर्गला राहते, त्यामुळे कोविडची वर्षं मी इथेच काढली. आणि त्याच ग्रुपवर माझी ताई आहे. तिला एप्रिल २०२१ मध्ये साताऱ्यात कोविड झाला आणि ती अजून त्यातून उठलेली नाही. तिनेही तो मेसेज वाचला.

‘काहीच केलं नाही’ हे आधी निकालात काढते. मार्च २०२० मध्ये इथली कॉलेजं आणि विद्यापीठं घरून सुरू झाली. पन्नासच्या वर लोकांनी जमायला बंदी आली. नोव्हेंबरमध्ये तो आकडा आठवर आला. एप्रिलपासून वृद्धनिवासांत भेटायला जाणं बंद झालं. पोलिसांनी कुणाला काठी मारली नाही, बाहेर पडायला पास लागला नाही, हे खरं. पण स्वीडनमध्ये आजारपणाच्या रजेत पहिल्या दिवसाचा पगार कापतात, तो सरकारने भरून द्यायला घेतला, म्हणून ‘बरं वाटत नसेल तर घरी थांबा’ हे लोकांना जमलं. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काही तपासलेलं दिसत नाही.

मृत्यूंच्या आकड्यात अर्धं सत्य आहे आणि ते मला मान्य करावंच लागेल. २०२० ते २०२२ अशी तीन वर्षं एकत्र धरली, तर नेहमीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंत स्वीडन युरोपातल्या अगदी कमी आकड्यांच्या देशांत येतो. पण लस येण्याआधीचं २०२० घ्या. त्या वर्षाअखेर स्वीडनमध्ये कोविडचे नऊ हजारांहून अधिक मृत्यू झाले होते, शेजारच्या नॉर्वेत पाचशेच्या आत. लोकसंख्या दुप्पटही नाही आणि मृत्यू वीसपटीच्या आसपास. हवामान तेच, राहणी तीच, दवाखाने तसेच. तीन वर्षांची सरासरी काढली की पहिल्या वर्षी गेलेली माणसं त्या आकड्यात दिसेनाशी होतात.

आणि ती माणसं कोण होती? मेसेज म्हणतो, म्हातारी, तसेही जाणारच होते. या वाक्याने माझं डोकं फिरलं.

माझ्या शेजारणीची आई नगरपालिकेच्या एका वृद्धनिवासात तळमजल्यावर राहायची. भेटबंदी आल्यावर शेजारीण रोज अकरा वाजता थर्मास घेऊन तिच्या खिडकीबाहेर जाऊन उभी राहायची. बाहेर ही कॉफी ओतायची, आत आईच्या हातात तिचा कप, मध्ये काच. मे महिन्यात एक दिवस पडदा ओढलेला होता. आईला ताप होता. डॉक्टर खोलीत आलेच नाहीत, फोनवर विचारपूस झाली आणि पाचव्या दिवशी ती गेली. वय ८१. गुडघे सोडले तर तिला काही नव्हतं. ‘जाणारच होती’ म्हणे. कधी? कुणाला माहीत होतं?

हे एका घरचं झालं असं कुणी म्हणेल. तर सरकारनेच नेमलेल्या कोरोना आयोगाचं ऐका. माजी न्यायाधीश मॅट्स मेलिन त्याचे अध्यक्ष होते. डिसेंबर २०२० च्या पहिल्या अहवालानुसार तोवर गेलेल्यांपैकी जवळपास ९० टक्के लोक सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यातले सुमारे निम्मे वृद्धनिवासांत राहत होते. त्यांना वाचवण्यात यंत्रणा अपयशी ठरली, असं अहवालात सरळ लिहिलं आहे. कारणंही दिली आहेत: तासावर काम करणारे, सतत बदलणारे कर्मचारी, अपुरी साधनसामग्री, उशिरा आलेल्या सूचना. पण सगळ्यांत मोठं कारण काय सांगितलं, तर समाजात विषाणू मोकळा पसरला होता हे. ‘म्हाताऱ्यांना वेगळं जपा, बाकीच्यांना मोकळं फिरू द्या’ हा सल्ला अजूनही देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. वृद्धांना आंघोळ घालणारी, भरवणारी बाई संध्याकाळी त्याच शहरात, त्याच बसने घरी जाते.

डॉक्टर न येणं हाही अपवाद नव्हता. आरोग्यसेवेची तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेला नोव्हेंबर २०२० मध्ये आढळलं की वृद्धनिवासांतल्या कोविडच्या, किंवा तशी शंका असलेल्या, सुमारे एक पंचमांश लोकांची डॉक्टरने स्वतंत्र तपासणी अशी केलीच नव्हती. त्याच डिसेंबरात इथला राजा टीव्हीवर म्हणाला, आपण अपयशी ठरलो. आयोगाने फेब्रुवारी २०२२ च्या शेवटच्या अहवालात सक्तीचा लॉकडाऊन न करणं योग्य ठरवलं, पण उपाय अपुरे होते, उशिरा झाले आणि मास्कचा सल्ला द्यायला हवा होता, हेही लिहिलं. मेसेजवाले यातलं पहिलं घेतात आणि पुढचं गाळतात.

शाळांचं म्हणाल तर लहान मुलांच्या शाळा चालू ठेवणं चांगलंच झालं, इथे शिकणारा माझा भाचा त्यातलाच. पण ‘कुणाला काही झालं नाही’ हे खोटं आहे. शाळा चालू असलेल्या माध्यमिकच्या शिक्षकांत लागणीचं प्रमाण घरून शिकवणाऱ्या उच्च माध्यमिकच्या शिक्षकांच्या दुप्पट निघालं. आणि मार्च २०२० मधल्या त्या मेल विसरता येत नाहीत. स्वीडनचे तेव्हाचे मुख्य सरकारी साथरोगतज्ज्ञ अँडर्स टेग्नेल यांनी फिनलंडच्या सरकारी आरोग्य संस्थेतल्या मिका साल्मिनेन यांना लिहिलं होतं की शाळा चालू ठेवल्या तर हर्ड इम्युनिटी, म्हणजे बहुतेकांना लागण होऊन येणारी सामूहिक प्रतिकारशक्ती, लवकर येईल. साल्मिनेन यांनी कळवलं, शाळा बंद केल्याने वृद्धांमधली लागण दहा टक्क्यांनी कमी होईल. त्यावर टेग्नेल यांनी विचारलं, दहा टक्के चालून जातील का? हर्ड इम्युनिटी हे आमचं धोरण नव्हतं, असं टेग्नेल यांच्या खात्याने सांगितलं. मला तो प्रश्न पचत नाही.

अर्थव्यवस्थेवर जास्त बोलत नाही. २०२० मध्ये स्वीडनची घसरण डेन्मार्क-फिनलंडच्याच जवळपास होती.

राहिलं लाँग कोविड. ताई माध्यमिकला गणित शिकवायची. कोविडमध्ये ती दवाखान्यात गेली नाही, ऑक्सिजन कधी ९४ च्या खाली आला नाही. आज ओट्याशी स्टूल आहे. दोन पोळ्या लाटायच्या, बसायचं, मग पुढच्या दोन. एखाद्या दिवशी जास्त झालं तर पुढचे दोन दिवस अंथरुणात. मध्येच सतराचा पाढा अडकतो, तेव्हा तिचं तोंड बघवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजाराची व्याख्या केली, त्यात थकवा, धाप आणि विचारांचा गोंधळ ही तीनही लक्षणं आहेत.

आणि काकांना स्वीडनच हवा असेल तर उमेओ विद्यापीठाचा अभ्यास आहे. देशातल्या दहा लाखांहून अधिक कोविड रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा धोका तीन महिन्यांनंतरही वाढलेलाच होता, आणि घरीच बऱ्या झालेल्यांतही तो वाढला होता. ज्या देशाचा दाखला देऊन ‘साधा सर्दी-खोकला’ म्हणतात, त्याच देशाच्या नोंदवह्यांत हे आहे.

काका, मेसेज काढून टाका. आणि ताईला फोन करा. चारनंतर करा, तोवर ती झोपलेली असते.