आईला घेऊन बँकॉकला जा

आमच्या आर्वीकडे बँकॉकचं नाव काढलं की गडीमाणसं तोंड दाबून हसतात आणि बायका विचारतात, "तिकडं कायले जाता वं?" त्या हसण्यापायी कितीतरी घरं या शहराचा विचारच करत नाहीत, याचा मला राग येतो. म्हणून स्पष्ट लिहिते. बेताच्या पैशात परदेश पाहायचा असेल आणि बॅगा भरून खरेदीही करायची असेल, तर आपल्या भागातल्या बायांनी पहिल्यांदा बँकॉकलाच जावं. मी शिवणकाम करते. फेब्रुवारीत कापूस विकून झाला आणि आईला घेऊन सहा दिवस राहून आले.

आधी जाण्याचं बोलू. सगळे मुंबईकडे धावतात. आम्ही वर्ध्याहून गीतांजलीनं हावड्याला गेलो. कोलकात्याहून बँकॉक अडीच तासांवर आहे. तालुक्याच्या एका एजंटनं प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज भरायचे माणशी दोन हजार मागितले होते. हा अर्ज १ मे २०२५ पासून सक्तीचा आहे, पण तो फुकट आहे. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत घरबसल्या भरता येतो. व्हिसाचे नियम मात्र बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळावर बघूनच घ्या.

आता खरेदी. चायनाटाउनमधली सांपेंग गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून हातगाडी आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. लेस, बटणं, मणी, रिबिनी, सगळं डझनानं आणि गठ्ठ्यानं. तासभर तर मी नुसती लेसच बोटांत धरून पाहत होते. गल्लीच्या टोकाला पाहुरात आहे, कापडाचा बाजार. तिथं शीख व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आहेत, हिंदीत भाव करता येतो, आणि बाजूच्याच गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. शाकाहारी माणसाला याहून मोठा आधार नाही, कारण तिकडं साध्या भाजीतही माशाचं पाणी घालतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' (थाई लिपीत 'เจ', म्हणजे शुद्ध शाकाहारी) लिहिलेलं दिसलं तर निश्चिंत जेवा.

तयार कपड्यांसाठी प्रतुनाम. तिथं एकाच दुकानात तीन नग घेतले की बऱ्याच ठिकाणी घाऊक भाव लागतो. पण 'फ्री साइज'वर भरवसा ठेवू नका, आपल्या बायांच्या दंडात ते बसत नाही. चतुचाक बाजार शनिवार-रविवारचा, पंधरा हजारांवर दुकानं. चालून पाय दुखतात, एक दिवस पुरे. मोठ्या दुकानात एका दिवशी २००० बाटच्या वर खरेदी झाली तर ७ टक्के कराच्या परताव्याचा कागद मागून घ्या. बाट म्हणजे आपले अडीच-तीन रुपये.

राजवाडा पाहायला निघालात आणि रिक्षावाला "राजवाडा आज बंद आहे" म्हणाला तर त्याच्या मागे जाऊ नका. तो हिऱ्या-माणकांच्या दुकानात नेऊन बसवतो.

आणि वाट फो, तिथला बुद्धविहार. आई दरवर्षी दीक्षाभूमीला जाते, तिच्यासाठी हा प्रवास खरं तर याच विहाराचा होता. ४६ मीटर लांब, पहुडलेला सोनेरी बुद्ध. दारातून आत गेलं की आधी चेहरा दिसतो, आणि चालत चालत पायांशी पोचावं लागतं. तळव्यांवर शिंपल्यांच्या कामात १०८ शुभचिन्हं कोरली आहेत. "एवढा मोठा बुद्ध मी जल्मात नाही पाह्यला," आई म्हणाली आणि कितीतरी वेळ हात जोडून उभी राहिली. मागच्या भिंतीला १०८ कांस्यपात्रं ओळीनं ठेवली आहेत. वीस बाटला सुटी नाणी मिळतात, एकेक टाकत जायचं. नव्वदीच्या पुढं आईची नाणी संपली, तर तिनं बटव्यातली आपली रुपयाची नाणी काढली आणि शेवटच्या पात्रापर्यंत गेली.

तिला बुद्धमूर्ती आणायची होती. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते, हे आम्हाला ऐन दुकानात कळलं. विमानतळावर अडकू नये म्हणून हात आवरला. घरी मूर्ती न्यायचा बेत असेल तर परवान्याचं दुकानदाराशी आधी बोला, त्यासाठी हाताशी दिवस ठेवा.

ज्यांना पुढच्या फेब्रुवारीत निघायचंय त्यांनी पासपोर्टचा अर्ज दिवाळीआधीच टाकावा. एप्रिलमध्ये जाऊ नका, तिथलं ऊन आपल्यासारखंच असतं.