सायलेन्सर आवाज गिळत नाही

बंदुकीच्या सायलेन्सरबद्दलचा एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. सायलेन्सर आवाज गिळून टाकतो, त्यामुळे गोळी सुटल्याचं कुणाला कळतही नाही. त्याने गोळीचा वेग कमी होतो. आतला वायू जितका जास्त अडवाल तितका सायलेन्सर चांगला. आणि सायलेन्सर असेल तर कानांना काही लावायची गरज नाही. यातली चौथी गोष्ट वाचून मी हे लिहायला बसलो, कारण तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचे कान खरोखर जाऊ शकतात.

आधी ‘गिळण्या’बद्दल. गोळी नळीच्या टोकातून बाहेर पडते तेव्हा तिच्यामागच्या तप्त वायूचा दाब रायफलीत बाहेरच्या हवेच्या शेकडो पट असतो. टोकाचं बूच निघाल्यासारखा तो एकदम सुटतो आणि हवेत धक्कालहर उठते. आपल्याला ऐकू येणारा ‘धाड’ तो हाच. टायर फुटला तर दचकायला होतं आणि त्याच टायरची हवा व्हॉल्व्हमधून सोडली तर नुसती फुसफुस होते. हवा दोन्ही वेळा तेवढीच असते, फरक असतो तो ती किती वेळात बाहेर पडते याचा. सायलेन्सरही हेच करतो. आतल्या पोकळ्यांमध्ये वायू पसरतो, मधल्या भोकं असलेल्या धातूच्या पडद्यांवर आपटून वळतो, धातूला उष्णता देऊन थोडा निवतो आणि कमी दाबाने, जास्त वेळ घेत बाहेर येतो. दाब आणि तापमान उतरल्यामुळे टोकाशी होणारा जाळही कमी होतो.

याने आवाज साधारण 20 ते 35 डेसिबलने उतरतो. 5.56 मिमीच्या रायफलीचा आवाज टोकाजवळ सुमारे 165 डेसिबल असतो, तो 135च्या आसपास येतो. डेसिबलचं माप सरळ वजाबाकीचं नाही. 30 डेसिबल उतरले म्हणजे ध्वनीची तीव्रता हजारांश झाली. ही मोठीच कामगिरी आहे. तरीही 135 डेसिबलला शांतता कुणी म्हणणार नाही.

शिवाय या रायफलीची गोळी सेकंदाला 900 मीटरहून जास्त वेगाने जाते आणि हवेत आवाजाचा वेग सुमारे 343 मीटर आहे. आवाजाला मागे टाकणारी गोळी वाटभर स्वतःची धक्कालहर ओढत नेते आणि तिचा चाबकासारखा कडाका ऐकू येतो. तो नळीत नव्हे तर हवेत तयार होतो, त्यामुळे टोकाला काहीही लावलं तरी त्याला धक्का लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश डी लाइल कार्बाइन खरोखर फार शांत होती, पण त्याचं श्रेय एकट्या सायलेन्सरला देता येत नाही. तिची .45 इंची जाड गोळी मुळातच आवाजापेक्षा हळू जाणारी होती आणि तिचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, हाताने ओढायचा होता, त्यामुळे गोळी झाडताना यंत्राची खडखड नव्हती.

मला वाटतं, निम्मा घोळ नावानेच केला आहे. हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन अभियंत्याने 1909 मध्ये पेटंट घेतलं आणि आपल्या वस्तूला ‘सायलेन्सर’ म्हणूनच विकलं. मशीनगनवाल्या मॅक्झिमचा हा मुलगा. पुढे त्याची कंपनी इंजिनांचे सायलेन्सर बनवण्याकडे वळली. मोटारसायकलला सायलेन्सर असूनही ती दुरून ऐकू येते याचं आपल्याला नवल वाटत नाही, बंदुकीच्या बाबतीत मात्र आपण त्या शब्दाचा अर्थ शब्दशः घेतो.

वेग कमी होतो हे म्हणणं थोडक्यात निकालात काढता येतं. नेहमीच्या सायलेन्सरमध्ये गोळी पडद्यांना शिवत नाही, मधल्या मोकळ्या वाटेने निघून जाते. तिचा वेग तेवढाच राहतो, कधी किंचित वाढतोही. गैरसमज बहुधा एमपी5एसडीसारख्या, सायलेन्सर मुळातच नळीभोवती बसवलेल्या बंदुकांमुळे पसरला असावा. तिच्या नळीलाच 30 भोकं आहेत, त्यांतून वायू आधीच निसटतो आणि 9 मिमीची गोळी आवाजाच्या वेगाखाली राहते. तिथे वेग उतरतो तो नळीच्या भोकांमुळे.

आता तिसरा मुद्दा, वायू अडवण्याचा. आपोआप भरणाऱ्या बऱ्याच रायफली नळीतला थोडा वायू वापरूनच बोल्ट मागे ढकलतात. किती वायू, किती दाबाने आणि किती वेळ मिळेल याचा हिशोब बंदूक घडवतानाच केलेला असतो. पुढे सायलेन्सर लावून वायूची वाट अडवली की नळीतला दाब उतरायला वेळ लागतो. बोल्टला ठरल्यापेक्षा जोराचा धक्का बसतो आणि दाब पुरता उतरायच्या आत तो उघडतो. रिकामं काडतूस नळीला चिकटून असतानाच हिसडून काढलं जातं. बोल्ट इतक्या घाईने परततो की मॅगझीनमधलं, म्हणजे काडतुसांच्या खोक्यातलं, पुढचं काडतूस वेळेवर वर येत नाही आणि बंदूक अडकते. भाग झिजतात. उरलेला वायू काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीतून मागे येतो, थेट नेमबाजाच्या डोळ्यांवर आणि नाकात. त्यात कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, धातूची बारीक धूळ असते.

त्या खिडकीतून आवाजही निसटतो आणि ती गालापासून वीतभर अंतरावर असते. म्हणून एकच मोजमाप पुरत नाही. एक मायक्रोफोन नळीच्या टोकापासून 1 मीटर बाजूला ठेवतात आणि दुसरा नेमबाजाच्या कानाजवळ. वायू फार अडवणारा सायलेन्सर पहिल्या मायक्रोफोनवर जिंकून दुसऱ्यावर हरू शकतो. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत ही अडचण नाही, कारण बोल्ट उघडेपर्यंत दाब केव्हाच उतरलेला असतो.

म्हणून अलीकडच्या रचनांमध्ये वायू कोंडण्याऐवजी त्याला वळणावळणाने पुढेच नेतात. अमेरिकी सैन्याने 2022 मध्ये निवडलेल्या नव्या रायफलीसोबतचा सायलेन्सर याच विचाराचा आहे, विषारी वायू सैनिकाच्या तोंडावर कमी यावा यासाठी केलेला. याची किंमतही मोजावी लागते, पुढचा आवाज किंवा जाळ काही वेळा थोडा वाढतो. एका टोकाला दाब, दुसऱ्या टोकाला प्रवाह, आणि रचनाकाराला दोन्ही सांभाळायचे असतात. ‘जितका जास्त अडवाल तितका चांगला’ म्हणणाऱ्याने ही ओढाताण पाहिलेलीच नाही.

राहिले कान. युरोपीय संघाच्या कामगार संरक्षणाच्या नियमांत क्षणिक आवाजाची कमाल मर्यादा 140 डेसिबल आहे. 135 हा आकडा तिच्या खाली दिसतो, पण किती थोडा खाली! छोट्या नळीची किंवा जास्त ताकदीची रायफल असेल तर तेवढंही अंतर उरत नाही. त्यात सायलेन्सर थंड असताना पहिली गोळी बहुतेकदा जास्त मोठ्याने वाजते, कारण आत साठलेल्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे वायू आतच पुन्हा पेटतो. आणि सरावाला बसलेला माणूस एकच गोळी झाडून उठत नाही. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. उरतो तो कानात अखंड चालणारा किणकिणाट. सायलेन्सर लावलेला असो वा नसो, प्लग किंवा मफ कानावर हवाच. तो संदेश तुम्ही कुणाला पाठवला असेल, तर निदान हे एवढं वाक्य त्यांना आजच कळवा.