रिकामी पणजी खरी नव्हती

मार्च आला की गावाकडच्या ग्रुपवर २०२० चे फोटो पुन्हा फिरू लागतात. पणजीचा निर्मनुष्य अठरा जून मार्ग, मिरामारचा मोकळा किनारा, सोबत एखादी कविता आणि खाली शेरा: "पर्यटकांविना हाच खरा गोवा." लिस्बनमध्ये बसून हे वाचताना संताप येतो. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली तेव्हा रस्त्यावरून फक्त पर्यटक गेले नव्हते. दारोदार पाव विकणारा पोदेर गेला, मोटरसायकलवरून भाडी नेणारे पायलट गेले, कदंबची सरकारी बस थांबली. पहिले काही दिवस किराणाही बंद होता. मग तो खरा गोवा कोणाचा?

शिवाय नुसता रिकामा रस्ता कॅमेऱ्यातून कधीही काढता येतो. भर दुपारी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचं छिद्र एफ/१६ इतकं बारीक ठेवलं की शटर साधारण १/१०० सेकंद उघडं लागतं. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश सुमारे हजारपट कमी करणारी गडद काच, लावला की तेच दहा सेकंद होतात आणि चालणारी माणसं पुसली जातात. उभी असलेली तेवढी धुरकट उरतात. १८३८ मध्ये छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या दागेरने टिपलेला पॅरिसचा रस्ता याच कारणाने ओस दिसतो. बूट पॉलिश करून घेणारा एक जण स्थिर उभा होता, म्हणून तो उरला. तेव्हा ओसाडपणा म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा असतो तो शटरवर चिकटवलेल्या कागदात, फार्मसीसमोरच्या चुन्याच्या वर्तुळांत, गल्लीच्या तोंडाला बांधलेल्या दोरीत. २४ मिलिमीटरच्या रुंद कोनाच्या लेन्सने पुढ्यातलं डांबर ताणलं जातं आणि टोकाचं बॅरिकेड टिकलीएवढं होतं. ८५ मिलिमीटरची वापरली की ते अंगावर येतं.

इथे लिस्बनमध्ये १९ मार्चपासून आणीबाणी होती, पण घराजवळ थोडं फिरायची मुभा होती. त्यामुळे बायशा या शहराच्या मध्यवर्ती भागातले फोटो डोळ्यांच्या उंचीवरून आले, दारावरच्या सूचनेसकट. पणजीत पास नसलेल्याला बाल्कनीच होती आणि वरून कौलं व डांबर एवढंच दिसतं. उन्हाचाही फरक आहेच. मेच्या सुरुवातीला पणजीत साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते आणि चित्र सपाट होतं. लिस्बनमध्ये तो जूनमध्येही तितका वर चढत नाही. इथले फोटो जास्त बोलके वाटतात ते यामुळे. कसब तिकडे कमी नाही.

कवितांचं दुखणं वेगळं. "भयाण शांतता", "निसर्गाचा सूड" हे कोणत्याही शहराला चिकटवता येतं. पोदेराचा पों-पों हॉर्न कोणत्या दिवशी थांबला, ते लिहा. ओवीचा चौथा चरण आखूड असतो, यमकही जुळवत नाही. कान वाट पाहतो आणि तिथे काही येत नाही. बंद शहरासाठी इतका नेमका छंद घरात असताना मुक्तछंदात उसासे का टाकायचे?

"तू तिकडे सुखात, तुला काय कळणार" हे उत्तर येईलच. येऊ दे. गाव सोडून गेलेल्याकडे गाव उरतं ते चित्रातच, आणि तिथून माणसं काढून टाकली की मला ओळखणारं त्यात कोणी राहत नाही. पर्यटकांना नको म्हणणारी ती ओळ मलाही बाहेर काढते. सुट्टीत येणारा मी त्यांच्या लेखी पर्यटकच.

म्हणून मूळ फाइली जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तारीख-वेळेची नोंद गळून पडते; डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि ते शटर कोणाच्या दुकानाचं होतं, तेही खाली लिहा.