"हात उचलत नाही ना, मग छळ कसला?"

परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, तुमच्याकडेही फिरत असेलच. त्यात म्हटलंय की नवरा मारत नसेल तर त्याला छळ म्हणत नाहीत, घरातलं बाहेर नेलं की नवरा जेलमध्ये आणि बाई रस्त्यावर, आणि खरंच त्रास असता तर ती पहिल्याच दिवशी बोलली असती. खाली अकरा थम्स-अप, त्यातले दोन माझ्या मावश्यांचे.

आधी मारण्याचं बघू. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असा सगळा छळ येतो. आता आर्थिक म्हणजे काय तर पगार तिचा पण एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, रिक्षाला वीस रुपये हवे तरी मागायचे, भाजीचा हिशोब रोज संध्याकाळी द्यायचा, आणि लग्नातले दागिने सासूच्या कपाटात ते परत दिसतच नाहीत. माहेरी फोन लावला की स्पीकर ऑन ठेवायला लावणं, येता-जाता सगळ्यांसमोर अक्कल काढणं, हेही छळच. आपण याला "तो जरा कडक आहे" म्हणून सोडून देतो.

नवरा जेलमध्ये जातो म्हणे. अहो या कायद्याखाली अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही, मॅजिस्ट्रेट आधी आदेश देतात की त्रास देऊ नको, खर्च दे. तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ४९८अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचं फौजदारी कलम, ते वेगळं. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ते आता कलम ८५ झालंय, लोक दोन्हीची खिचडी करतात.

आणि रस्त्यावर का म्हणून? घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती तिथे संसार करत असेल तर राहण्याचा हक्क मागता येतो, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय. हां, कायद्यात ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा असं लिहिलंय पण तारखा लांबतात, हे मी लपवत नाही. म्हणूनच तातडीचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश अर्जासोबतच मागायचा.

पहिल्याच दिवशी का नाही बोलली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. का ते त्या थम्स-अपकडे बघा, कळेल.

कुणाला गरज असेल तर १८१ महिला हेल्पलाइन, जिवावर बेतलं तर सरळ ११२. याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. वकील परवडत नसेल तर १५१०० लावा, विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अटच नाही. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात कसा लागला ते खरं सांगा, "बाथरूममध्ये घसरले" सांगितलं की कागदावर तेच येतं. आणि तो मोबाईल चेक करत असेल तर हे कॉल शेजारणीच्या फोनवरून करा.