पीओपी बंद करायच्या आधी वर बघा

आमच्या सोसायटीत सध्या दर दुसऱ्या घरात फॉल्स सीलिंग चाललंय. हॉल दहा बाय पंधराचा, त्यात छतात बसणारे डाऊनलाइट बारा, वर कोव्हमध्ये, म्हणजे कडेच्या खाचेत, एलईडीची स्ट्रिप वेगळी. हौसेला मोल नाही, मान्य. पण पीओपीच्या या खोट्या छताच्या वर जे झाकलं जातं, ते कुणी बघतच नाही.

दिवे घ्यायला माणसं मुंबईच्या लोहार चाळीतल्या बाजारात अख्खा शनिवार घालवतात. वॉर्म व्हाइट की कूल व्हाइट, यावरून घरात अबोला. आणि वायर? 'ते कॉन्ट्रॅक्टर बघेल.' बघतो की! स्वतःच्या सोयीचं बघतो.

शेजारच्या काकांचा एक दिवा लुकलुकायला लागला. मेन बंद करून दिवा खाली ओढला, दोन स्प्रिंगा सुटल्या आणि मागोमाग ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारी छोटी डबी, लोंबत आला. जोड म्हणजे तारा नुसत्या पिळलेल्या, त्यावरची काळी टेप सुटून चिकट लोळा झालेला. पाइप नाहीच, वायर तशीच पीओपीवर टाकलेली. मुंबईचे उंदीर धन्यवाद देत असतील. खरा बिघाड पुढच्या जोडात निघाला, तिथे कट-आऊटच, म्हणजे दिव्यासाठी पीओपीत कापलेलं भोकच, नव्हतं. नवीकोरी पीओपी फोडावी लागली.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'एलईडीला लोड कितीसा?' खरंय. दहा वॉटचे बारा दिवे म्हणजे १२० वॉट, २३० व्होल्टला जेमतेम अर्धा अँपिअर. पण एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, पडतो तो ओव्हरलोडला किंवा शॉर्टला. ढिल्या जोडाचा त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, पीव्हीसी पाइपातून, दिवे पॅरलल, आणि प्रत्येक जोड कनेक्टरमध्ये, तोही हात पोचेल अशा कट-आऊटपाशीच. वाद नको.

ड्रायव्हर वेगळा निघणारा घ्या. २३० व्होल्टचा एसी घेऊन एलईडीला लागणारा डीसी करंट तोच देतो, बंद छतात तापतोही तोच, आणि बऱ्याचदा एलईडीच्या आधी तोच जातो.

स्विच फेजवरच, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवरच हवा. तो न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर दिला तर बटण बंद करूनही वर फेज जिवंत राहतो. रात्री बंद दिवा मंद उजळत असेल तर आधी हे तपासून घ्या, भूतबाधा नंतर बघू. दिव्याची बॉडी धातूची असेल तर अर्थिंग सोडू नका. बाराच्या बारा दिवे एका बटणावर देणाऱ्याला तर मी चहासुद्धा विचारणार नाही. टीव्ही बघताना चार पुरतात.

हे काम लायसन्सवाल्या वायरमनचंच, व्हिडिओ बघून स्वतः शिडीवर चढू नका. पण पीओपीवाला 'उद्या बंद करतो' म्हणाला की आदल्या रात्री वायरमनकडून सगळे दिवे जोडून घ्या आणि तासभर चालू ठेवा. मग मोबाईलवर सगळ्या छताचा व्हिडिओ काढा, भिंतीपासून मोजायची टेप लावून. पुढे पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारायची वेळ आली की पाइप कुठून गेलाय ते त्यातच दिसेल.